डाव्या पंखाची राखण

वजनकाट्यावर बसणाऱ्या माणसाला दोन खोडी जडतात. समोर येईल त्याचं वजन मनातल्या मनात करायचं ही एक, आणि तो स्वतःविषयी जे सांगेल त्यातून थोडं वजा करायचं ही दुसरी. आपल्या काटेवाल्याला दोन्ही जडल्या होत्या आणि दोन्हींचा त्याला अभिमान होता.

खडीच्या खाणीच्या फाटकाशी त्याची काचेची खोली होती. खोलीसमोर जमिनीत बसवलेला लोखंडी फलाट, आणि त्यावर चढणारे-उतरणारे ट्रक. ट्रक थांबला की पडद्यावरचा आकडा स्थिर व्हायला पाच-सहा सेकंद लागतात. तेवढ्यात हा स्प्रिंगच्या पाट्यांचा वाक आणि टायरांचं सुटलेलं पोट बघून आकडा पुटपुटायचा. फरक पडलाच तर पन्नास किलोचा. ड्रायव्हर मंडळींना हे माहीत होतं, तरी ती वजन चोरायची आपली कला सोडत नसत. रिकामा ट्रक जोखायला आणताना पाण्याची पिंपं काठोकाठ भरायची, एखाद्याला सीटमागे झोपवायचं, भरलेला आणला की मागचं चाक वीतभर फलाटाबाहेर ठेवायचं. काटेवाला काचेतून नुसतं बोट दाखवायचा. चाक आत यायचं. असं एकोणीस वर्षं चाललं होतं.

रविवारी खाण बंद. दुपारी चारच्या ठोक्याला तो घराच्या मागच्या खोलीत जाऊन बसायचा. खोलीचा अर्धा भाग बायकोच्या शिलाई मशीनचा. ती लोकांचे कपडे बेताचे करून द्यायची, त्यामुळे अख्ख्या वस्तीच्या कंबरा तिला पाठ होत्या, आणि कुणाची किती वाढली हे ती कुणाला सांगत नसे, फक्त नवऱ्याला. उरलेला अर्धा भाग याचा: कॉम्प्युटर, हातात धरायचा दांडा, आणि टेबलाखाली ब्रेकच्या दोन जुन्या पायपट्ट्या, ज्या काटा दुरुस्त करायला येणाऱ्या फिटरने भंगारातून जोडून दिल्या होत्या.

खेळ होता विमानयुद्धाचा, इंटरनेटवरचा. जुन्या काळची पंख्याची विमानं. आकाश एकच, पण त्यात उडणारे शेकडो लोक आपापल्या घरी बसलेले. या खेळात फसवाफसवी नाही. एक तासाच्या वाटेला एक तासच लागतो, पेट्रोल संपलं की संपलं, आणि पडलेलं विमान त्या दिवसापुरतं परत मिळत नाही. काटेवाला ज्या पथकात होता त्याचं काम राखणीचं. आठ बॉम्बर जायचे; अवजड, संथ, चार-चार इंजिनांचे. प्रत्येकाच्या बाजूला एक छोटं लढाऊ विमान. बॉम्बर ज्याचा त्याने सांभाळून न्यायचा, सांभाळून आणायचा. लढाऊ विमान बॉम्बरच्या दुप्पट वेगाचं, त्यामुळे त्याला सरळ जाताच येत नाही. इकडून तिकडे, तिकडून इकडे, नागमोडी घालत बॉम्बरच्या चालीने चालायचं. तीन-तीन तास.

“बाजारात माझ्याबरोबर निघालात की दहा पावलं पुढे असता,” बायको मशीनवरून म्हणायची. “आणि इथे तीन तास एका जाड्या विमानाच्या बाजूबाजूने. त्याला विचारा तरी, काय जादू केलीस म्हणून.”

जादू झालेली नव्हती, हीच तर अडचण होती. काटेवाल्याचा पिंड पुढे धावण्याचाच. त्याने खेळात एकसष्ट विमानं पाडली होती, पण पथकाच्या पानावर त्याचा कुठे उल्लेख नव्हता, कारण तिथे दोनच आकडे लिहायची पद्धत: बॉम्बर गेले किती, आले किती. कुणी किती पाडली हे लिहिणं म्हणजे पाहुण्याला घरी सोडायला निघालेल्याने वाटेत किती कुत्री हाकलली ते सांगत बसण्यासारखं, असं पथकप्रमुखाचं म्हणणं. नियमही एकच होता. ज्याच्या नजरेतून आपला बॉम्बर गेला आणि पडला, तो ‘सुटला’. तीनदा सुटला की पथकातून बाहेर.

काटेवाला दोनदा सुटला होता. दोन्ही वेळा एकाच माणसामुळे. शत्रूकडे एक लाल नाकाचं विमान होतं. ते लंगडत समोरून जायचं, थोडा धूर सोडायचं, जणू फुंकर मारली तरी पडेल. काटेवाला मागे लागायचा, ढगात शिरायचा, आणि परत येईपर्यंत त्याच्या बॉम्बरला दुसऱ्यांनी खाली लोळवलेलं असायचं. पहिल्यांदा तो चिडला होता. दुसऱ्यांदा तो हेडफोन काढून स्वयंपाकघरात गेला आणि उगाच भांडी पुसत उभा राहिला. बायकोने तेव्हा काही विचारलं नाही. नवरा भांडी पुसतोय म्हणजे प्रकरण साधं नाही, एवढा हिशेब तिला येत होता.

आता तिसऱ्यांदा झालं तर रविवारचे चार वाजणार, पण त्याला कुठे जायचं नसणार. तेवढ्याच विचाराने त्याला आठवडाभर जेवण गोड लागत नव्हतं.

पथकप्रमुखाला सगळे डॉक्टर म्हणत. तो दातांचा डॉक्टर होता. लोकांना तोंड उघडं ठेवून गप्प बसायला लावायची सवय असल्यामुळे प्रमुखपद आपसूकच त्याच्याकडे आलं असावं. त्या रविवारी कुणी कुणाची राखण करायची ते वाचून दाखवताना तो थोडा थांबला आणि म्हणाला, की मावशींनी डाव्या बाजूला काटेवाल्यालाच मागितलं आहे.

मावशी म्हणजे सर्वात मागच्या, डाव्या टोकाच्या बॉम्बरची चालक. तिला कुणी पाहिलेलं नव्हतं. आवाजावरून सत्तरीची वाटे. नदीवरची फेरीबोट चालवण्यात तिची अठ्ठावीस वर्षं गेली होती, ट्रक आणि माणसं या काठावरून त्या काठावर, एवढंच पथकाला ठाऊक होतं. आणि हेही ठाऊक होतं, की काटेवाला दोनदा सुटला तेव्हा दोन्ही वेळा पडलेला बॉम्बर तिचाच होता.

“मावशी, तुम्हाला दुसरा कोणी देऊ का?” डॉक्टरने सगळ्यांसमोर विचारलं. त्याला चारचौघांत विचारायला आवडायचं.

“नको,” मावशी म्हणाली. “दोनदा घसरलेल्या माणसाला शेवाळ कुठे आहे ते माहीत असतं. नव्याला मी कुठे शोधायला लावू?”

काही लोक हसले. काटेवाला हसला नाही. आभार मानावेत की वाईट वाटून घ्यावं हे त्याला ठरवता आलं नाही, म्हणून त्याने विमान सुरू केलं.

जाताना काही विशेष घडलं नाही, आणि त्यामुळेच कदाचित त्याने त्या दिवशी प्रथम नीट पाहिलं. एरवी त्याची नजर शत्रूचा ठिपका शोधत आभाळभर फिरायची. आज तिला बांधून घातलं होतं. चार हजार मीटरवर ऊन तिरपं झालं होतं. आठ बॉम्बर पायऱ्या-पायऱ्यांनी उभे असल्यासारखे, एकाखाली एक, एकामागे एक. प्रत्येकाच्या पाठीवर पुढच्याची सावली हळूच सरकत जायची. एकेका विमानात एकेक माणूस: कुणी चहा उरकून बसलेलं, कुणी जेवण टाकून, कुणाच्या मांडीवर मांजर. कुणी कुणाला भेटलेलं नाही. तरी दोन पंखांमधलं अंतर हातभरही वाढत नव्हतं. खाणीतून शिस्तीत बाहेर पडणारे आठ ट्रक त्याने एकोणीस वर्षांत पाहिले नव्हते. तिथे दोघांमध्ये फाटकावरूनच भांडण लागे.

लक्ष्यावर पोचताच खालून तोफांचा मारा झाला. आभाळात काळी फुलं फुटत होती. मावशीच्या विमानाला दोन-तीन दणके बसले. बॉम्ब पडले, सगळे वळले आणि लगेच दाट ढगात शिरले. दहा मिनिटं काटेवाल्याला मावशीच्या शेपटीखेरीज काही दिसलं नाही. बाहेर आले तेव्हा डॉक्टरने एकेकाला विचारलं. मावशी म्हणाली की वेगाचं आणि उंचीचं घड्याळ गेलंय, बाकी इंजिनं गोड चालली आहेत, पेट्रोलचा काटा अर्ध्याच्या वर आहे. ती शेजाऱ्याकडे बघून वेग धरत होती. सगळं ठीक होतं.

काटेवाल्याला मात्र चैन पडेना. काहीतरी खटकत होतं, आणि काय ते कळत नव्हतं. त्याने एक नागमोड घेतली, दुसरी घेतली. तिसऱ्या वेळी सगळे आठ बॉम्बर बाजूने एका रांगेत दिसले, आणि त्याच्या तोंडून आपोआप आकडा निघाला, जसा फलाटावरच्या ट्रककडे बघून निघायचा.

सातांची नाकं किंचित वर होती. मावशीचं खाली होतं.

जड विमानाला हवेत टिकायला नाक थोडं वर धरावं लागतं. ओझं उतरलं की नाक खाली येतं, रिकाम्या ट्रकचे पाटे सरळ होतात तसं. बॉम्ब तर आठही जणांनी टाकले होते. पेट्रोल सगळ्यांनी सारखंच जाळलं होतं. मग हिचंच विमान हलकं का?

त्याने हे मोठ्याने सांगितलं. डॉक्टरने शांतपणे विचारलं, की पेट्रोल गळत असल्याचं दिसतंय का. काटेवाला म्हणाला, आता नाही; जे गळायचं ते ढगात गळून गेलं असणार. टाकीला लागलं तसं त्या काट्यालाही लागलं असेल, तो जिथे होता तिथेच अडकला असेल. डॉक्टरने विचारलं, किती कमी आहे. काटेवाला म्हणाला, दोन टन.

“दोन टन,” डॉक्टर म्हणाला. “डोळ्यांनी जोखले?”

“हो.”

घरी परतायची ठरलेली वाट समुद्रावरून वळसा घालून होती. सुरक्षित, पण सव्वा तासाची. काटेवाल्याच्या अंदाजाने मावशीकडे चाळीस मिनिटांचं पेट्रोल होतं. सरळ वाट चाळीस मिनिटांचीच, पण ती शत्रूच्या डोक्यावरून, आणि तिथे ती एकटीच असणार. वळण दोन मिनिटांवर आलं होतं. पेट्रोलचा काटा खरंच अडकलाय का हे बघत बसायला वेळ नव्हता.

डॉक्टरचं म्हणणं चुकीचं नव्हतं. समोर एक यंत्र आहे आणि यंत्र म्हणतंय अर्ध्याच्या वर. दुसरीकडे एक माणूस आहे, जो दोनदा सुटलाय आणि ज्याला रांगेत राहणं मुळातच जमत नाही. तो हे बोलला नाही. पण नियम त्याने वाचून दाखवला. बॉम्बरने कुठे जायचं हे बॉम्बरवाला ठरवतो, राखणदार त्याच्यामागे जातो. “पण मावशी तुमच्या सांगण्यावरून गेल्या आणि पडल्या, तर ते तुमच्या नावावर,” तो म्हणाला. आतापर्यंत तो काटेवाल्याला अरेतुरे करायचा. ‘तुमच्या’ हे काटेवाल्याने लगेच टिपलं.

फलाटावर निदान सहा सेकंदांनी आकडा यायचा आणि तो खरा की खोटा ते ठरायचं. इथे कुठला फलाट? आपण चुकलो असलो तर एका सत्तरीच्या बाईला सुखाच्या वाटेवरून काढून शत्रूच्या दारात नेत होतो. ‘बहुतेक’ असा एक शब्द जोडावा असं त्याला वाटलं, म्हणजे पुढे-मागे अंगावर येणार नाही. त्याने तो जोडला नाही.

“काय रे,” मावशी म्हणाली, “ट्रक तुझ्याकडे यायच्या आधीच तुला कळतं का, खोटं कोण बोलतंय ते?”

“कळतं.”

“मलाही कळायचं. ट्रक बोटीवर चढला की पाणी काठावर कुठपर्यंत येतं त्यावरून. कागदावर काही का लिहिलेलं असेना.” तिने थोडा श्वास घेतला. “डॉक्टर, मी सरळ जाते.”

डावं टोक रांगेतून अलगद सुटलं. सात बॉम्बर उजवीकडे, समुद्राच्या उजेडाकडे वळले आणि हळूहळू लहान होत गेले. आता त्या एवढ्या मोठ्या आभाळात ती दोघंच होती.

बाराव्या मिनिटाला लाल नाक आलं.

त्याने दोन फेऱ्या मारल्या. दोन्ही वेळा काटेवाला मधे जाऊन आडवा झाला, पंखांत भोकं पाडून घेतली, पण गोळी झाडून लगेच मावशीच्या पंखाशी परतला. मग लाल नाकाने आपलं ठेवणीतलं काढलं. समोरून लंगडत गेलं. धूर सोडला. उजवा पंख पाडून, केविलवाणं, इतका जवळून की त्याच्या शेपटीवरचे खिळे मोजता यावेत. पाचशे मीटर. एवढ्या अंतरावर काटेवाल्याचा नेम कधी चुकला नव्हता. बासष्टावं विमान समोरून चालत आलं होतं.

शिलाई मशीन थांबली होती. बायको कधी मागे येऊन उभी राहिली ते त्याला कळलं नाही.

अंगठा बटणावर होता. त्याने तो उचलून बोटांत धरला, जसं एखाद्या पोराचं बोट धरावं. आणि नागमोड घेतली, मावशीकडे.

लाल नाक ढगाच्या तोंडाशी जाऊन थांबल्यासारखं झालं. परत आलं, पुन्हा लंगडलं. काटेवाला नागमोडी घालत राहिला. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. शेवटी सगळ्यांना दिसतील अशा निरोपांच्या चौकटीत शत्रूकडून एक ओळ उमटली: “बरं नाही का आज?”

बायको हसली. काटेवाल्याला हसायला वेळ नव्हता. लाल नाकाचं पेट्रोलही काही विहिरीतून येत नव्हतं. थोड्या वेळाने ते वळलं आणि गेलं.

सदतिसाव्या मिनिटाला मावशीचं उजव्या टोकाचं इंजिन खोकलं आणि थांबलं.

“एक झोपलं,” मावशी म्हणाली.

दोन टन बरोबर निघाले होते. काट्यावर आकडा जुळला की त्याला नेहमी बारीकसं सुख व्हायचं. आज झालं नाही. तीन मिनिटांचं गणित चुकलं होतं, आणि सीमेवरची नदी अजून दूर, एखाद्या चांदीच्या दोऱ्यासारखी दिसत होती. नदीपलीकडे आपल्या बाजूला गवताची एक धावपट्टी होती. ती तर अजून दिसतही नव्हती. दुसरं इंजिन गेलं. मग तिसरं. मावशीने प्रत्येक पंखा वाऱ्याला आडवा येणार नाही असा वळवून ठेवला, झोपलेल्यांची पांघरुणं सारखी करावीत तशी, घाई न करता. चौथं गेलं तेव्हा हेडफोनमध्ये अशी शांतता झाली की तिच्या खोलीतलं घड्याळ ऐकू आलं.

वीस टनांचं विमान, आणि आता ते फक्त उतरू शकत होतं.

“माझं वेगाचं घड्याळ मेलंय,” मावशी म्हणाली. “जास्त वेग ठेवला तर नदीच्या अलीकडे जमिनीला लागेन. कमी ठेवला तर दगडासारखी पडेन. तू माझ्या पंखाशी ये. पुढे नाही, मागे नाही. आणि तुझं घड्याळ मला वाचून दाखव.”

काटेवाल्याने इंजिनाचा जोर काढला, पंखांच्या मागच्या झडपा सोडल्या, आणि तो तिच्या बाजूला आला. लढाऊ विमान एवढ्या सावकाश उडायला बनवलेलंच नव्हतं. ते थरथरत होतं, नाक टाकू पाहत होतं. त्याने नागमोड घातली नाही. आता दोघांचा वेग एकच होता. त्याच्या पंखाचं टोक आणि तिच्या पंखाचं टोक यांच्यात एक माणूस आडवा झोपेल एवढी जागा होती, आणि ती तेवढीच राहिली.

“दोनशे वीस,” तो म्हणाला. “दोनशे वीस. दोनशे पंधरा.”

“बरं.”

“दोनशे पंधरा. दोनशे दहा.”

ती नाक केसभर खाली करायची, आकडा केसभर वर यायचा. जमीन वर येत होती. शेतं, एक रस्ता, झाडांची रांग. तो आकडे वाचत होता आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्या अवाढव्य, मुक्या विमानाकडे बघत होता. त्याच्या पंखावर ऊन पडलं होतं आणि ते हलत नव्हतं. अजिबात हलत नव्हतं. इतकं मोठं काही इतक्या नाजूकपणे धरलेलं त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. माणसाला मोजून काढलं की त्याच्यात काही शिल्लक राहत नाही, असं त्याचं आजवरचं मत होतं. हिला कशात मोजायचं?

“मावशी, भीती नाही वाटत?” त्याने मधेच विचारलं आणि लगेच पुढचा आकडा सांगितला.

“बोटीला ब्रेक नसतो रे,” ती म्हणाली. “धक्क्याला कधी लागायचं ते अर्ध्या नदीतच ठरवावं लागतं. मी ते मघाशीच ठरवलंय. आता नुसतं पोचायचं.”

नदी पोटाखालून गेली. पाण्यात दोन सावल्या दिसल्या, एक मोठी, एक लहान, शेजारी-शेजारी.

“एकशे पंच्याऐंशी. एकशे ऐंशी.”

“उतरतील ना हो त्या?” बायकोने कुजबुजत विचारलं. तिने त्याच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली होती.

“एकशे सत्तर. एकशे पासष्ट,” तो म्हणाला.

मावशीने शेवटच्या क्षणी नाक उचललं. चाकं गवताला लागली, उडाली नाहीत. विमान धावलं, धावलं, धावपट्टी संपली तरी थोडं धावलं, आणि कुंपणाच्या अलीकडे जड माणूस आरामखुर्चीत बसतो तसं बसलं.

काटेवाला वरून एक फेरी मारून तिच्या शेजारी उतरला. आपला बॉम्बर नजरेतून घालवायचा नाही, असा नियम होता; आणि नियम नसता तरी तो दुसरीकडे कुठे गेला नसता.

मग वाट बघणं आलं. बाकीचे समुद्रावर होते, खेळातल्या रेडिओच्या टप्प्याबाहेर. डावं टोक उघडं टाकून आपण निघालो. त्या भोकातून कुणी आत शिरला असेल तर? मावशी वाचली आणि तिच्या बदल्यात दुसरं कोणी गेलं, तर तो हिशेब कुणाच्या नावावर? अर्धा तास तो खुर्चीत बसून आभाळाची ती एकच बाजू बघत राहिला.

आधी घरघर आली. मग ठिपके. त्याने मोजले. पुन्हा मोजले. दोन्ही वेळा सहाच भरले.

“सगळे ऐका,” हेडफोनमध्ये डॉक्टरचा आवाज आला. काटेवाल्याने डोळे मिटले. “सातवा पडला. तो माझ्या राखणीतला होता. डाव्या भोकाचा याच्याशी संबंध नाही. तिकडून कोणी आलंच नाही. समोरून एक जण लंगडत गेला. मी मागे लागलो. तेहतीस सेकंद. ढगात होतो, त्यामुळे कुणी पाहिलं नाही. पण मी सुटलो. लिहून ठेवा.”

काटेवाल्याने डोळे उघडले. तोंड बघायला समोर कुणी नव्हतं, पकडायला कुणी नव्हतं, खोटं बोलला असता तर सिद्ध करायला कुणी नव्हतं. आणि हा दातवाला भर सभेत आपलं चाक आपणच फलाटाबाहेर दाखवत होता, सेकंदांसकट. काटेवाल्याला वाटलं, उठून उभं राहावं. तो खरंच उठला. हेडफोनची तार ताणली गेली, म्हणून परत बसला.

“काटा,” डॉक्टर म्हणाला, “पुढच्या रविवारी मावशींच्या डावीकडे तू. आणि उजवीकडे मी येतो, त्यांची हरकत नसेल तर. मलाही आता शेवाळ कळलंय.”

“या,” मावशी म्हणाली. “दोघं मिळून एखादा सरळ माणूस होईल.”

सहा बॉम्बर आणि सात राखणदार खाली आले आणि त्या गवताच्या पट्टीवरून, झाडांच्या उंचीवरून, एकामागून एक गेले. एकेकाची सावली काटेवाल्याच्या तोंडावरून सरकली. खोलीतल्या भिंतीवर उजेड-अंधार, उजेड-अंधार झाला. बायको वाकून बघत होती. तिच्या तोंडात टाचणी होती, आणि ती काढायची राहून गेली होती.

घरघर विरली. दोन्ही विमानं बंद इंजिनांनी गवतात उभी होती. आता परत उडायचं नव्हतं. खेळ बंद करून उठायला हरकत नव्हती. पण कुणी उठलं नाही. हेडफोनमध्ये बारीक वारा वाहत होता.

“अरे,” मावशी थोड्या वेळाने म्हणाली, “हे गवत बघितलंस का? एकेक पातं वेगळं काढलंय कुणीतरी. आपण सगळे चार हजार मीटरवरून जातो. कुणाला दिसणार होतं हे?”

काटेवाल्याने विमानाच्या खिडकीची काच मागे सारली आणि खाली पाहिलं. पात्यांची टोकं वाऱ्याने एका बाजूला झुकली होती. एका पात्यावर छोटासा किडा चढत होता.

“अगं, इकडे ये,” त्याने बायकोला स्वतःची खुर्ची दिली. “हळू. तो बघ, तिथे.”